गाडी उंच झाली, चाकांचे काय?

डोंगराळ वाटा, ओढ्याचे पात्र, पावसाळ्यात खचलेले कच्चे रस्ते अशा ठिकाणी फिरणारी मंडळी हल्ली आपल्या जीपसारख्या गाड्या उंच करून घेताना दिसतात. यासाठी जो संच मिळतो त्याला लिफ्ट किट म्हणतात. त्यात मूळच्यापेक्षा लांब किंवा अधिक ताठ स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर आणि काही जोडभाग असतात. ते बसवले की गाडीची चौकट आणि तिच्यावरचा सांगाडा चाकांच्या तुलनेत साधारण ५ सेंमी वर उचलला जातो. काम संपल्यावर मेकॅनिक सांगतो, “आता फक्त व्हील अलाइनमेंट करून घ्या.”

अलाइनमेंटच्या दुकानात चाकांना उपकरणे अडकवली जातात. पडद्यावर काही आकडे लाल दिसतात. कारागीर खाली वाकून पाना फिरवतो, आकडे हिरवे होतात आणि गाडी मालकाच्या हवाली केली जाते. हे आकडे नेमके कशाचे? गाडी उंच केल्यामुळे त्यातले कोणते बदलतात? आणि बदललेले सगळेच आकडे पाना फिरवून पूर्ववत होतात का? नववी-दहावीची भूमिती एवढी शिदोरी या प्रश्नांना पुरेशी आहे.

तीन कोन

टो : गाडीकडे वरून पाहा. पुढची दोन चाके एकमेकांना अगदी समांतर आहेत, की त्यांची पुढची टोके किंचित आत वा बाहेर वळलेली आहेत, हे टो सांगतो. टायरच्या पुढच्या कडांमधले आणि मागच्या कडांमधले अंतर यांतला फरक मिमीमध्ये मोजण्याची पद्धत जुनी आहे.

हा फरक किरकोळ वाटतो. पण हिशेब करून पाहा. टायरचा व्यास ७०० मिमी आणि एकूण टो ७ मिमी असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३.५ मिमी येतात. म्हणजे चाक सरळ दिशेपासून ३.५/७०० = ०.००५ रेडियन, जवळजवळ ०.३ अंश, वळलेले आहे. गाडी सरळ जाताना असे चाक दर १००० मीटरमागे १०००×०.००५, म्हणजे ५ मीटर आडवे ओढले जाते. त्यातले काही रबर लवून सोसते, उरलेले रस्त्यावर घासते. १०,००० किमी प्रवासात ही आडवी ओढ ५० किमीची होते. टायरवर एकाच दिशेने करवतीसारखे दाते का पडतात, ते यावरून कळेल.

कॅम्बर : आता गाडीसमोर उभे राहून पाहा. चाक उभ्या रेषेत आहे की त्याचा माथा आत किंवा बाहेर झुकला आहे, हा कॅम्बर. याचा परिणाम पाहायला तळाशी निमुळता असलेला पाण्याचा पेला घ्या आणि जमिनीवर आडवा घरंगळू द्या. तो सरळ जात नाही, निमुळत्या बाजूला वळत गोल फिरतो. झुकलेले चाक जमिनीवर दबते तेव्हा ज्या बाजूला ते झुकले आहे तिकडच्या कडेची त्रिज्या कमी होते. ते अशा पेल्याचा एक तुकडाच बनते आणि झुकलेल्या बाजूला वळू पाहते. डाव्या-उजव्या चाकांचा कॅम्बर सारखा असला तर दोन ओढी एकमेकींना मारतात. तो वेगवेगळा असला तर गाडी एका बाजूला खेचली जाते.

कॅस्टर : तिसरा कोन गाडीच्या बाजूने पाहावा लागतो. पुढचे चाक वळते ते एका आसाभोवती. हा आस बरोबर उभा नसतो. त्याचे वरचे टोक किंचित मागे कललेले असते. सायकलच्या हँडलखालची नळी पाहिली म्हणजे ही कल्पना स्पष्ट होईल. त्या नळीच्या रेषेत एक काठी धरून जमिनीपर्यंत न्या. ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या पुढे काही सेंमीवर टेकेल. म्हणजे चाकाचा टेकण्याचा बिंदू वळणाच्या आसामागून फरफटत येतो. चाक चुकून थोडे वळले की रस्त्याचा आडवा रेटा आसाच्या मागे लागतो आणि चाकाला पुन्हा सरळ करतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते, ते मुख्यतः यामुळे. कार्यालयातल्या खुर्चीची चाके ढकलल्याबरोबर मागे वळून बसतात, तेही याच कारणाने.

पट्टी आणि टाचणी

गाडी उंच केल्यावर हे कोन का बदलतात? चाक चौकटीला थेट जोडलेले नसते. मध्ये दांडे असतात आणि त्यांची चौकटीकडची टोके बिजागरीसारखी फिरतात. त्यामुळे चाक वर-खाली होताना सरळ रेषेत जात नाही, वर्तुळाच्या कंसावर जाते.

पुठ्ठ्याची ४० सेंमी लांब पट्टी घ्या. एक टोक टाचणीने फळ्यावर पक्के करा. पट्टी आडवी धरून मोकळे टोक ५ सेंमी खाली आणा. पायथागोरसच्या प्रमेयाने टोकाचे आडवे अंतर √(१६००−२५) = ३९.६९ सेंमी होते. म्हणजे टोक फक्त ०.३१ सेंमी आत सरकले. आता टोक आधीच १० सेंमी खाली असताना तेथून आणखी ५ सेंमी खाली आणा. आडवे अंतर ३८.७३ वरून ३७.०८ सेंमीवर येते. या वेळी टोक १.६५ सेंमी आत आले. खाली येणे दोन्ही वेळा ५ सेंमीच, आत येणे मात्र पाचपटींहून अधिक.

गाडीचा आराखडा करणारे अभियंते नेहमीच्या उंचीला हे दांडे शक्य तितके पहिल्या स्थितीजवळ राहतील असे पाहतात. उंच केलेल्या गाडीत ते कायमचे कललेले, म्हणजे दुसऱ्या स्थितीकडे झुकलेले असतात. याचे दोन परिणाम होतात. उभ्या गाडीत कोन बदलतात. आणि चालत्या गाडीत प्रत्येक खड्ड्यागणिक ते पूर्वीपेक्षा जास्त बदलत राहतात.

दोन गाड्या, दोन दुखणी

भारतातल्या दोन परिचित गाड्या घेऊ. मारुतीची २०२३ साली विक्रीला आलेली पाच दारांची जिम्नी आणि नाशिकला तयार होणारी, २०२० साली नव्या रूपात आलेली महिंद्राची थार. दोन्ही गाड्यांना शिडीसारखी भक्कम चौकट आहे. पुढची चाके जोडण्याची रीत मात्र निराळी आहे.

जिम्नीत पुढची दोन्ही चाके एकाच अखंड, कडक आसाने जोडलेली आहेत. दोन चाकांचे वळणे एकमेकांशी बांधणारा दांडाही चाकांबरोबरच वर-खाली होतो. त्यामुळे गाडी उंच केली तरी टो आणि कॅम्बर यांत विशेष फरक पडत नाही. बिघडतो तो कॅस्टर. कसा ते पाहू. आसाच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा आहे. त्याचे मागचे टोक चौकटीला बिजागरीने आणि पुढचे टोक दोन बोल्टांनी आसाला जोडलेले असते. दोन बोल्ट असल्यामुळे दांडा जेवढा कलेल तेवढा आसही त्याच्याबरोबर फिरतो. चौकट ५ सेंमी वर गेली म्हणजे दांड्याचे पुढचे टोक तिच्या तुलनेत ५ सेंमी खाली गेले. हिशेबासाठी दांडा ८० सेंमी लांब धरला तर कोन बदलतो सुमारे साडेतीन अंशांनी. या फिरण्यात वळणाच्या आसाचे वरचे टोक पुढे येते, म्हणजे कॅस्टर तेवढाच कमी होतो.

मूळ कॅस्टर ४ अंश मानू. जिम्नीच्या टायरची त्रिज्या सुमारे ३४५ मिमी आहे. वळणाचा आस जमिनीला टेकतो तो बिंदू चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपुढे ३४५×टॅन ४°, म्हणजे २४ मिमी होता. कॅस्टर ०.४ अंशावर आला की हेच अंतर २.४ मिमी उरते. चाकाला सरळ करणाऱ्या रेट्याची तरफ एक दशांश झाली! टायरच्या लवचीकपणामुळे आडवा रेटा टेकण्याच्या जागेच्या मध्याच्या थोडा मागे लागतो, तेवढी मदत शिल्लक राहते. पण स्टिअरिंग हलके, भरकटणारे होते. वळणानंतर ते हाताने सरळ करावे लागते.

हमरस्त्यावर याचा अर्थ काय? ताशी ८० किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने गाडी चालली आहे. जिम्नीच्या पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर २.५९ मीटर आहे. पुढची चाके अवघा अर्धा अंश वळून राहिली तर गाडी सुमारे ३०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागते आणि एका सेकंदात ८० सेंमीच्या आसपास बाजूला सरकते. शेजारून ट्रक जात असेल तर एवढे सरकणे जिवावर बेतू शकते. मूळ गाडीत हा अर्धा अंश कॅस्टर आपोआप पुसून टाकतो. उंच केलेल्या गाडीत ते काम चालकाच्या हातांवर आणि सावधपणावर येऊन पडते.

याच गाडीत आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो. मघाच्या पट्टीप्रमाणे तोही कलतो आणि आसाला काही मिमी एका बाजूला ओढतो. स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडाही तसाच कलतो. म्हणून गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग तिरके दिसू शकते.

थारची गोष्ट वेगळी. तिच्या पुढच्या चाकांना वर-खाली दोन-दोन स्वतंत्र भुजा आहेत, त्यांना विशबोन म्हणतात. स्टिअरिंगचा दांडा तिसऱ्याच कंसावर फिरतो. हे तिन्ही कंस नेहमीच्या उंचीजवळ एकमेकांशी जुळतील अशी रचना असते. गाडी उंच केली की जुळणी सुटते. येथे टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे तिन्ही कोन हलतात. टायर झिजण्याचा धोका म्हणूनच येथे अधिक.

हिरव्या आकड्यांचा अर्थ

आता पडद्याकडे परत येऊ. बऱ्याच दुकानांत घाईच्या वेळी फक्त टो पाहून तो दुरुस्त केला जातो. कॅस्टर मोजायचा तर चाके ठरावीक अंश डावीकडे आणि उजवीकडे वळवून कॅम्बर किती बदलला हे पाहावे लागते. उंच केलेल्या जिम्नीचा टो मुळात बिघडलेलाच नसतो. त्यामुळे तेवढेच मोजले तर सर्व आकडे हिरवे येतात आणि खरे दुखणे तसेच राहते. शिवाय कॅस्टर मोजला आणि तो कमी निघाला, तरी पाना फिरवून तो वाढवण्याची सोय अशा अखंड आसाच्या गाडीत सहसा नसते. त्यासाठी दांड्यांत मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश किंवा आसाला उलट फिरवून धरणारे बदललेले दांडे बसवावे लागतात. लिफ्ट किट घेतानाच ते त्यात आहेत का, हे विचारायला हवे. स्वतंत्र भुजांच्या गाड्यांत काही प्रमाणात जुळवणी करता येते. मर्यादा संपली की तेथेही भुजा बदलाव्या लागतात.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. नव्या स्प्रिंगा थोड्या बसू द्याव्यात. चारही टायरांतील हवा सारखी करावी, सांधे ढिले नाहीत हे पाहावे. मग आधी कॅस्टर, त्यानंतर कॅम्बर आणि शेवटी टो. पहिले दोन हलवले की टो आपोआप बदलतो. उलट क्रमाने गेल्यास केलेले काम फुकट जाते. शेवटी स्टिअरिंग मध्यावर आणून, ते किती फिरले हे मोजणाऱ्या संवेदकाचे शून्यही तपासावे. गाडी घसरू नये म्हणून काम करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच्यावर विसंबून असते.

काही गोष्टी कोणत्याही अलाइनमेंटने सुधारत नाहीत. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला तो गेला. वळणावर ती उलटण्याचा संभव वाढतो. गंमत अशी की स्प्रिंगा उंच केल्याने अखंड आसाखालची मोकळी जागा मुळीच वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरांनी. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, हेही मालकाने आधी पाहिलेले बरे.

शाळेच्या आवारात

टो मोजायला यंत्र लागत नाही. गावातला एखादा ट्रॅक्टर किंवा जीप सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, मागच्या चाकांना दगडाची उटी आणि चालक जवळ हवा. पुढच्या दोन्ही टायरांच्या पुढील बाजूस, आसाच्या उंचीला, मधोमध खडूने खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर मोजा. उटी काढून, चालकाच्या देखरेखीखाली गाडी हळूहळू पुढे ढकला. खुणा मागच्या बाजूस आसाच्या उंचीला आल्या की गाडी थांबवून पुन्हा उटी लावा आणि अंतर परत मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे टो. प्रत्येक माप तीन-तीन वेळा घ्यायला लावा; टेपने मोजताना होणारी चूक आणि मोजायचा फरक दोन्ही मिमीतच आहेत, हे विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात येईल.

सायकलीवर काठी धरून कॅस्टरचे अंतर काढणे हा दुसरा उपक्रम. वर्गातल्या वेगवेगळ्या सायकलींची मापे घेऊन तक्ता करता येईल. त्यानंतर मुलांना एक प्रश्न विचारा: टायर तीच ठेवून ही नळी पूर्ण उभी केली, तर हात सोडून सायकल चालवणे सोपे होईल की अवघड? उत्तर सांगण्याआधी त्यांना आकृती काढू द्या.