कार्ड-तपशिलांचे टोकनीकरण

ऑनलाइन खरेदी सुलभ व्हावी म्हणून ग्राहकाने विक्रेत्याकडे जतन करून ठेवलेल्या क्रेडिट वा डेबिट कार्डाच्या मूळ क्रमांकाऐवजी, केवळ त्या विक्रेत्यापुरता चालणारा दुसरा क्रमांक योजण्याची पद्धती. ह्या पर्यायी क्रमांकास टोकन म्हणतात. टोकनावरून मूळ क्रमांक गणिताने काढता येत नाही. दोहोंची सांगड घालणारी नोंद कार्डजाळे चालविणाऱ्या संस्थेकडे अथवा कार्ड देणाऱ्या बँकेकडेच असते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना व त्यांच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ संस्थांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई आहे. त्यामुळे खरेदीच्या वेळी पडद्यावर ‘जतन केलेले कार्ड’ म्हणून जे दिसते, ते भारतीय विक्रेत्यांच्या बाबतीत वस्तुतः टोकन असते.

कार्डक्रमांकाचे स्वरूप : कार्डावरील क्रमांक बहुधा सोळा अंकी असतो. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या ७८१२ क्रमांकाच्या मानकानुसार त्यातील आरंभीचे सहा अंक (२०१७ च्या आवृत्तीपासून आठ) कार्ड देणाऱ्या संस्थेचे निदर्शक असतात, त्यापुढील अंकांवरून ग्राहकाचे खाते ओळखले जाते आणि शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. पडताळ्याची रीत आय. बी. एम. कंपनीतील हान्स पेटर लून ह्यांनी शोधून काढली. तिच्या एकस्वासाठी त्यांनी १९५४ मध्ये अर्ज केला व ते १९६० मध्ये मिळाले. उजवीकडून दुसऱ्या अंकापासून आरंभ करून एकाआड एक अंक दुप्पट करावयाचा, दुप्पट दोन अंकी आल्यास तिच्या अंकांची बेरीज घ्यावयाची आणि मग सर्व अंक मिळवावयाचे. बेरजेला दहाने निःशेष भाग जात असल्यास क्रमांकाची घडण बरोबर आहे असे समजतात. उदा., संगणकीय चाचण्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४१११ ११११ ११११ ११११ ह्या क्रमांकात ही बेरीज ३० येते. ही योजना अंक लिहिताना होणारी चूक पकडण्यासाठी आहे; लबाडी पकडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

कार्डव्यवहारातील असुरक्षिततेचे मूळ ह्या क्रमांकाच्या दुहेरी कामात आहे. खाते कोणते हे तो सांगतो आणि त्या खात्यातून पैसे काढण्याचा अधिकारही तोच देतो. घराचा पत्ता हाच कुलपाची किल्ली असावी, तसा हा प्रकार आहे. दुकानात कार्ड प्रत्यक्ष दाखवून सही करण्याची पद्धत होती तोवर हा दोष फारसा जाणवत नव्हता. टपालाने व दूरध्वनीने मागणी नोंदविण्याची प्रथा पडली, तेव्हा कार्ड समोर नसतानाही केवळ क्रमांक व मुदत सांगून व्यवहार होऊ लागले. कार्डावर उघडपणे छापलेला, प्रत्येक दुकानदाराच्या हाती जाणारा क्रमांक अशा रीतीने गुपित मानला जाऊ लागला. ऑनलाइन खरेदीने ही विसंगती वारशाने घेतली आणि तिचा व्याप वाढविला.

साठ्याचा प्रश्न : ११ ऑगस्ट १९९४ रोजी नेटमार्केट ह्या अमेरिकन संकेतस्थळावरून एका ग्राहकाने कूटलेखनाने सुरक्षित केलेला कार्डक्रमांक पाठवून संगीताची तबकडी विकत घेतली. सुरक्षित ऑनलाइन खरेदीचे हे पहिले उदाहरण म्हणून सांगितले जाते. पुढे नेटस्केप कंपनीच्या एस. एस. एल. ह्या संदेशपद्धतीमुळे असे कूटलेखन सर्वत्र रूढ झाले. तथापि हे संरक्षण ग्राहकाच्या संगणकापासून विक्रेत्याच्या संगणकापर्यंतच्या वाटेपुरतेच होते. क्रमांक पोहोचल्यावर तो कोठे व कसा ठेवला जातो, ह्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर ग्राहक विश्वासून राहतात, ते ह्या मर्यादेची जाणीव नसल्यामुळे.

क्रमांक साठवून ठेवण्यात विक्रेत्यांचा लाभ उघड होता. प्रत्येक खेपेस सोळा अंक भरण्याचा कंटाळा आला की ग्राहक खरेदी अर्धवट सोडतो. ॲमेझॉन कंपनीने एका टिचकीत खरेदी पुरी करण्याच्या पद्धतीचे एकस्वच सप्टेंबर १९९९ मध्ये मिळविले होते. ते २०१७ मध्ये संपुष्टात आले. जतन केलेले कार्ड हा ह्या पद्धतीचा पाया होय. मात्र सोय विक्रेत्याची व ग्राहकाची आणि चोरी झाल्यास भुर्दंड पुष्कळदा कार्ड देणाऱ्या बँकेचा, अशी जबाबदारीची विषम वाटणी तीतून निर्माण झाली. साठा सांभाळणाऱ्यास तो सांभाळण्याची निकड त्यामुळे पुरेशी भासली नाही, असेच पुढील घटनांवरून म्हणावे लागते.

जानेवारी २००० मध्ये सीडी युनिव्हर्स ह्या ऑनलाइन दुकानातील कार्डक्रमांक चोरून एकाने खंडणी मागितली व ती न मिळाल्याने त्यांपैकी हजारो क्रमांक महाजालावर उघड केले, आपल्यापाशी सु. ३ लक्ष क्रमांक असल्याचा त्याचा दावा होता. टी. जे. एक्स. ह्या अमेरिकन दुकानसमूहाच्या संगणकांतून सु. साडेचार कोटी कार्डांचे तपशील गेल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. हार्टलँड ह्या व्यवहारप्रक्रिया करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत (२००९) हा आकडा सु. १३ कोटींवर गेला. २०१३ च्या नाताळच्या खरेदीत टार्गेट दुकानांमधून सु. ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. ह्यांपैकी शेवटच्या तीन घटना प्रामुख्याने प्रत्यक्ष दुकानांतील व्यवहारांशी संबंधित होत्या. पण क्रमांक कोठूनही मिळविला तरी तो ऑनलाइन खरेदीत वापरून पाहता येतो, हेच ह्या चोऱ्यांचे आकर्षण होते.

अपुरे उपाय : व्हिसा, मास्टरकार्ड इ. कार्डजाळ्यांनी डिसेंबर २००४ मध्ये सुरक्षेची सामाईक मानके लागू केली आणि २००६ मध्ये त्यांच्या देखरेखीसाठी एक परिषद स्थापन केली. कार्डाच्या पाठीवरील तीन अंकी पडताळा-संकेत, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहारास मंजुरी मिळाल्यानंतर विक्रेत्याने साठवू नये, हा त्यांतील एक महत्त्वाचा नियम. मूळ क्रमांक मात्र कूटलेखन करून ठेवण्यास मुभा होती. ह्या मुभेतच अडचण आहे. कूटलिखित क्रमांकाचा उपयोग करावयाचा तर तो उलगडण्याची किल्ली विक्रेत्यापाशी असावीच लागते, आणि साठ्यापर्यंत पोहोचलेला चोर पुष्कळदा किल्लीपर्यंतही पोहोचतो.

क्रमांकाचा मधला भाग झाकून ठेवण्याचा उपायही वाटतो तितका भक्कम नाही. सोळापैकी पहिले सहा व शेवटचे चार अंक उघडे ठेवले, तर सहा अंक अज्ञात राहतात. त्यांच्या १० लक्ष जुळण्या संभवतात. लून ह्यांच्या पडताळ्याने त्यांतील नऊ-दशांश बाद होऊन फक्त १ लक्ष उरतात. झाकलेल्या क्रमांकाबरोबरच त्याचा गणिती ठसा, म्हणजे मूळ क्रमांकावरून एकाच दिशेने काढलेली संख्या, जवळ असली आणि तो ठसा काढताना कोणतीही गुप्त संख्या मिसळलेली नसली, तर १ लक्ष क्रमांकांचे ठसे काढून त्यांच्याशी ताडून पाहण्यास साध्या संगणकाला क्षणभर पुरतो. ऑगस्ट २०२० मध्ये भारतातील एका व्यवहारप्रक्रिया संस्थेच्या साठ्यातून झाकलेले क्रमांक व ठसे असलेल्या कोट्यवधी नोंदी बाहेर गेल्या; जानेवारी २०२१ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा पूर्ण क्रमांक सुरक्षित असल्याचे संस्थेने सांगितले. अशा वेळी ग्राहकाची सुरक्षितता सर्वस्वी त्या गुप्त संख्येवर अवलंबून असते व तिची खातरजमा करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते.

टोकनाची कार्यपद्धती : विक्रेत्यास मूळ क्रमांक दिसूच नये, ही कल्पना जुनी आहे. व्हिसा व मास्टरकार्ड ह्यांनी १९९६–९७ मध्ये पुढे आणलेल्या ‘सेट’ ह्या पद्धतीत तशी तरतूद होती. परंतु तीत प्रत्येक ग्राहकाला स्वतःचे अंकीय प्रमाणपत्र व खास संगणक-कार्यक्रम बाळगावा लागे, त्यामुळे ती रुजली नाही. कार्डजाळ्यांच्या ईएमव्हीको ह्या संस्थेने मार्च २०१४ मध्ये टोकनीकरणाचे पहिले तांत्रिक विनिर्देश प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ॲपल पे ह्या सेवेने त्यांचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. ‘सेट’ मधील ओझे ग्राहकावर होते, ते येथे जाळ्यावर टाकले गेले, हे ह्या यशाचे खरे कारण होय.

ग्राहक विक्रेत्याच्या पृष्ठावर कार्डाचे तपशील एकदा भरतो व जतन करण्यास संमती देतो. विनंती व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा त्या त्या कार्डजाळ्याकडे जाते. जाळे कार्ड देणाऱ्या बँकेची अनुमती घेते आणि ओटीपीसारख्या अतिरिक्त पडताळ्यानंतर टोकन तयार करून विक्रेत्याच्या बाजूस धाडते. हे टोकन कार्ड, टोकन मागणारी संस्था आणि विक्रेता ह्या तिहींच्या विशिष्ट जोडीशी बांधलेले असते. म्हणून एकाच कार्डाची दहा दुकानांत दहा निरनिराळी टोकने होतात. पुढील खरेदीत टोकनासोबत त्या एका व्यवहारापुरता तयार झालेला गुप्त संकेत पाठविला जातो. जाळे टोकनावरून मूळ क्रमांक शोधून बँकेकडे मंजुरी मागते. एखाद्या दुकानाचा सर्व साठा चोरीस गेला, तरी चोराच्या हाती अन्यत्र न चालणाऱ्या संख्या येतात व कार्ड बदलून घेण्याची गरज पडत नाही. विक्रेत्यास हिशेबाच्या जुळणीसाठी कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव एवढेच ठेवता येते. अर्थात जोखीम नाहीशी झालेली नसून ती हजारो दुकानांतून उचलून थोड्या जाळ्यांत व बँकांत एकवटली आहे. तेथील रखवाली अधिक सक्षम असते, ह्या गृहीतावर ही सारी योजना उभी आहे.

भारतातील नियमन : मुंबईस्थित भारतीय रिझर्व्ह बँकेने ८ जानेवारी २०१९ रोजी कार्डजाळ्यांना टोकनसेवा देण्याची परवानगी दिली, ती आरंभी मोबाइल फोन व टॅब्लेट ह्यांपुरती मर्यादित होती. मार्च २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांनी विक्रेत्यांना कार्डाचे तपशील साठविण्यास मनाई केली. ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने जतन केलेल्या कार्डांच्या टोकनीकरणास मान्यता देऊन, कार्ड देणाऱ्या बँका व कार्डजाळी वगळता व्यवहाराच्या साखळीतील अन्य कोणीही १ जानेवारी २०२२ पासून मूळ तपशील ठेवू नयेत आणि पूर्वीचे पुसून टाकावेत, असा आदेश दिला. तयारी अपुरी असल्याची तक्रार उद्योगक्षेत्रातून झाल्याने ही मुदत प्रथम ३० जून व नंतर ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढविण्यात आली. टोकन नको असलेल्या ग्राहकाने दर खेपेस क्रमांक भरावयाचा असतो. अशा व्यवहाराचे तपशील चुकते होईपर्यंत अथवा फार तर चार दिवस ठेवण्याची सवलत जुलै २०२२ मध्ये देण्यात आली. डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या स्वतःच्या ॲपमधूनही एकाच वेळी अनेक विक्रेत्यांसाठी टोकने काढण्याचा मार्ग खुला झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीनुसार तोवर ५६ कोटींहून अधिक टोकने तयार झाली होती.

ग्राहकाच्या दृष्टीने ही सेवा ऐच्छिक व विनामूल्य आहे. आपले कार्ड कोणकोणत्या विक्रेत्यांकडे टोकनरूपाने आहे ह्याची यादी दाखविणे व त्यांतील नको असलेले टोकन रद्द करू देणे, हे बँकेवर बंधनकारक आहे. ह्या यादीची माहिती फारच थोड्या ग्राहकांना असते.

मर्यादा : टोकन साठ्याचे रक्षण करते, क्रमांक भरण्याच्या क्षणाचे नाही. २०१८ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेज ह्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर चोरांनी थोड्याशा ओळींचा उपद्रवी कार्यक्रम घुसविला. ग्राहक टंकलिखित करीत असलेले क्रमांक सीव्हीव्हीसह परस्पर अन्यत्र जात राहिले. कंपनीला त्यासाठी २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २ कोटी पौंडांचा दंड केला. त्याचप्रमाणे विक्रेत्याकडील ग्राहकाचे खातेच कोणी परवलीच्या शब्दासह बळकाविले, तर त्या दुकानापुरते टोकन त्याच्याही कामी येते; मग ओटीपी हाच एक अडसर उरतो आणि फोनवरून गोड बोलून तो काढून घेण्याचे प्रकार सुपरिचित आहेत. ग्राहकाने स्वतःच्या ब्राउझरमध्ये जतन केलेला क्रमांक हे टोकन नव्हे, तो मूळ क्रमांकच असतो.

परदेशातील विक्रेत्यांवर रिझर्व्ह बँकेचे नियम थेट लागू होत नाहीत. भारतात ऑनलाइन कार्डव्यवहारांना अतिरिक्त पडताळा १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा असला, तरी परदेशी संकेतस्थळांवरील व्यवहार अनेकदा ओटीपीवाचून पुरे होत आले आहेत. ह्यास्तव जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने नवे कार्ड केवळ देशांतर्गत प्रत्यक्ष वापरासाठीच चालू करून द्यावे, ऑनलाइन व परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा आणि त्यांवर रकमेची मर्यादा घालण्याची सोय त्याला असावी, असे ठरविले.

एवढे करूनही चोरी झाल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, ह्याविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी नियम घालून दिले. त्यांनुसार दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर काहीही दायित्व येत नाही; चार ते सात दिवस लागल्यास ते ठराविक रकमेपुरते राहते. ओटीपी वा परवलीचा शब्द ग्राहकाने स्वतः दुसऱ्यास सांगितला असल्यास, बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच मानले जाते. दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करण्याचा भार मात्र ह्या नियमांनी बँकेवर टाकला.