मोबाईल घेताना नावापेक्षा आतले पाहा



बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खांदा पाहतो. तो कोणाच्या दावणीचा एवढेच ऐकून कोणी पैसे मोजत नाही. मोबाईल घेताना मात्र पाठीवरचे नाव वाचूनच आपण खूष होतो. त्या नावात किती तथ्य असते, ते एका कंपनीच्या हकिगतीवरून पाहू.

नोकियाचा 1100 हा फोन पुष्कळांना आठवत असेल. तो 2003 साली आला. त्याला बॅटरी होती, बटणांत धूळ शिरत नसे, हातातून सहज निसटत नसे. रात्रीच्या लाईटीवर कपाशीला पाणी देणाऱ्याला आणखी काय हवे? जगभरात असे 25 कोटींहून अधिक फोन खपले.

ही कंपनी मूळची फिनलंड देशाची. 1865 साली लाकडाच्या लगद्याच्या गिरणीपासून तिची सुरुवात झाली. 1967 साली रबराचा व केबलचा कारखाना तीत मिळाला. चिखलात वापरायचे रबरी बूटही ती करी. पुढे फोनमध्ये तिने जग जिंकले. 2011 साली तिने फोनच्या धंद्याचे दोन विभाग केले. एकाकडे स्मार्टफोन, दुसऱ्याकडे साधे फोन. पण तोवर बोटाने चालणाऱ्या पडद्याच्या फोनांनी बाजार पालटला होता. एप्रिल 2014 मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. नोकियाकडे टॉवरच्या यंत्रणेचे काम राहिले. 2016 पासून नोकिया नावाचे फोन एचएमडी ही वेगळीच कंपनी काढू लागली. नाव तेच, घर निराळे!

याचा आपल्याशी संबंध काय? 2009 साली याच कंपनीने महाराष्ट्रात ‘नोकिया लाईफ टूल्स’ ही सेवा आणली. हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला साध्या फोनवर, मराठीत, संदेशाने मिळे. योजना चांगली होती, परंतु पुढे ती बंद पडली. कंपनीचे विभाग फिरले की सेवाही जाते. म्हणून पेरणीची तारीख, खते, फवारणी आणि मोसंबीला मिळालेला भाव यांची नोंद घरच्या वहीतही ठेवावी.

आता फोन घेताना काय पाहावे?

पहिले, जाळे. फोन निदान 4जी असावा. जिओचे 2जी जाळेच नाही, त्यामुळे तिचे कार्ड 2जी फोनमध्ये चालत नाही. 5जी देशात ऑक्टोबर 2022 पासून आले. पण आपल्या शिवारात ते पोचले आहे का, हे दुकानात नव्हे, बांधावर उभे राहून पाहावे.

दुसरे, कॅमेरा आणि जीपीएस, म्हणजे जागा ओळखण्याची सोय. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. सातबाऱ्यावर नोंद नसेल तर सोयाबीन, तूर हमीभावाने विकताना अडचण येते. स्मार्टफोन नसल्यास शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करावी. एका फोनवर अनेक खातेदारांची नोंद होते. मुदत मात्र चुकवू नये.

तिसरे, धूळ आणि पाणी. खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आकडा मोठा तितका बचाव अधिक.

चौथे, दुरुस्ती. बॅटरी आणि पडदा जालन्यात किंवा तालुक्याच्या गावी बदलून मिळेल का, हे आधी विचारावे.

साधा फोन म्हणजे टाकाऊ, असेही समजू नये. मार्च 2022 पासून ‘यूपीआय 123पे’मुळे इंटरनेटशिवाय त्यावरूनही पैसे पाठवता येतात. घरात एक स्मार्टफोन आणि एक साधा फोन असला तरी बहुतेक कुटुंबांचे भागते. उरलेला पैसा बियाण्याला लावावा.