‘प्युअर कॉटन, साहेब!’

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये जीन्स शिवणाऱ्या गाळ्यात गेलात, तर कटिंगच्या टेबलावर डेनिमचे थर एकावर एक लागलेले दिसतात. मास्तर खडूने खुणा करत असतो, पायाशी निळ्या चिंध्यांचा ढीग असतो आणि माल कसला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘प्युअर कॉटन, साहेब!’ तो खोटं बोलत असतो असं नाही. त्यालाही तसंच सांगून तागा विकलेला असतो. कापसाबद्दल आपल्याकडे जेवढं ठामपणे बोललं जातं, तेवढं कांद्याबद्दलही नसेल. आणि त्यातलं निम्मंअधिक ऐकीव असतं.

जीन्स म्हणजे निखळ सूत, हा पहिला समज. पायाशी पडलेली चिंधी उचला, तिचा उभा आणि आडवा धागा वेगळा करा आणि काडी लावून बघा. निळा उभा धागा, म्हणजे ताणा, कागदासारखा जळतो. वासही जळक्या कागदाचा आणि राख चिमटीत भुगा होणारी. पांढरा आडवा धागा, म्हणजे बाणा, बऱ्याचदा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक गोळी धरतो. ती गोळी पॉलिएस्टरची. ‘स्ट्रेच’ म्हणून जे विकलं जातं त्याच्या बाण्यात इलास्टेनची बारीक तार असते, तिच्याभोवती कापूस, पॉलिएस्टर किंवा दोन्ही. इलास्टेनचं प्रमाण एक-दोन टक्के असलं तरी पँट बसता-उठता ताणली जाते ती त्याच्याच जिवावर. नुसता कापूस असा ताणला जात नाही.

या काडीच्या परीक्षेलाही मर्यादा आहे, आणि ती उल्हासनगरकरांना तरी माहीत हवी. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये पन्नासच्या दशकापासून व्हिस्कोस धागा बनतो. तो लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यात कापसाचं बोंड कुठेच नाही. पण कापूस आणि लाकूड दोन्ही मुळात सेल्युलोज, त्यामुळे रेयॉनही कागदासारखंच जळतं. काडीने पॉलिएस्टर पकडता येतं, रेयॉन नाही. ‘जळून राख झाली म्हणजे कॉटन’ असं छातीठोक सांगणाऱ्या दुकानदाराला म्हणूनच हसून मान डोलवावी.

दुसरा समज असा की चांगल्या कापडाला जितका लांब धाग्याचा कापूस तितका उत्तम, आणि तो आपल्याकडे पिकत नाही. शर्टाच्या तलम कापडापुरतं यात तथ्य आहे. आपल्याकडे २७.५ ते ३२ मिलिमीटर तंतूचा कापूस ‘लांब’ आणि त्यापुढचा ‘अतिलांब’ धरतात. अतिलांब कापूस भारतात थोडा होतो. तो इजिप्त आणि अमेरिकेतून येतो. डेनिमला मात्र तो लागतच नाही. डेनिमचं सूत जाडंभरडं, साधारण ७ ते १६ काउंटचं. त्यात आखूड तंतू, अगदी कताईत उरलेला कापूसही खपतो. देशात आज पिकणारा बहुतेक कापूस ‘लांब’ वर्गातलाच आहे. जीन्स शिवणाऱ्या गावाने इजिप्तच्या कापसाचं कौतुक करावं, हे जरा गमतीचंच.

आता ‘कस्तुरी’. हे कापसाचं नवं बियाणं आहे, असं दुकानदारच काय, शेतकरीही म्हणताना आढळतात. तसं ते नाही. ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, केंद्र सरकारने भारतीय कापसाला दिलेलं हे व्यापारी नाव आहे. २०२२च्या डिसेंबरात भारतीय कापूस महामंडळ आणि सुती वस्त्रांच्या निर्यातीसाठी १९५४ पासून काम करणारी टेक्सप्रोसिल यांच्यात त्यासाठी करार झाला. तीन वर्षांसाठी ३० कोटी रुपये, त्यातले निम्मे उद्योगाकडून. वाण कुठलाही असो, रुई ठरवलेल्या कसोट्यांना उतरली की गाठीला क्यूआर कोड लागतो आणि पुढे सूत, कापड, कपडा असा तिचा माग ठेवता येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर पुन्हा कटिंगच्या टेबलावरच सापडतं. निळ्या कापडात कधी कधी एखादी पांढरी, चमकणारी तार दिसते. नखाने उकरली तर दोऱ्यासारखी ओढून निघते, आणि तिथे कापडाला भोक पडतं. ती विणकराची चूक नसते. ती असते खताच्या गोणीतून सुटलेली तार. गोणी असते पॉलिप्रॉपिलीनची. त्याला निळीचा रंग चढत नाही, म्हणून ती तार ताण्यात पांढरीच राहते. वेचणीच्या वेळी कापूस युरियाच्या रिकाम्या गोणीत भरला, गोणीचे धागे सुटले, जिनिंगमध्ये सरकी निघाली पण धागा रुईतच राहिला, तिथून गाठीत, सुतात, कापडात. केस, सुतळी, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे हेही याच वाटेने येतात. भारतीय रुईला परदेशी गिरण्या कमी भाव देतात त्यामागचं एक मोठं कारण तंतूची लांबी नसून ही भेसळ आहे. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात कितीतरी जिनिंग कारखान्यांची यंत्रं आणि अंगणं सुधारली. वेचणीची गोणी मात्र शेतात होती, कारखान्यात नव्हे. वेचताना सुती पिशवी वापरा, हा सल्ला संशोधन संस्था वर्षानुवर्षं देत आल्या आहेत. पिशवी विकत घ्यावी लागते, गोणी घरात पडलेली असते.

‘कापसाचं संशोधन, जाहिरात हे सगळं अमेरिकेचं बघून’, हा सुशिक्षितांचा लाडका समज. अमेरिकेत १९६६च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या दर गाठीमागे पैसे जमा होऊ लागले, १९७०ला कॉटन इनकॉर्पोरेटेड उभी राहिली आणि १९७३ साली तिचं पांढऱ्या बोंडाचं चिन्ह आलं. हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२१मध्ये, इथे भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली होती आणि १९२३च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या किंवा गिरणीत खपणाऱ्या कापसावर उपकर बसला होता. त्या पैशातून १९२४ साली माटुंग्याला कापूस तपासणारी प्रयोगशाळा निघाली. आज तिचं नाव केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. उल्हासनगरहून धीम्या लोकलने थेट माटुंग्याला उतरता येतं, आणि तरी जीन्सच्या धंद्यातल्या किती जणांनी ही इमारत पाहिली असेल! तंतू किती लांब, किती बारीक, किती मजबूत, एखाद्या वाणाचं सूत नीट कातलं जाईल का, हे तिथे शंभर वर्षं मोजलं जातंय. विचित्र योगायोग असा की अमेरिकेने ज्या १९६६ साली उपकराचा कायदा केला, त्याच वर्षी आपली कापूस समिती गुंडाळली गेली आणि प्रयोगशाळा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली. संशोधन चालू राहिलं. शेतकरी, गिरणी आणि व्यापारी ज्या एका टेबलाशी बसत होते, ते मात्र गेलं. माझ्या मते ‘कस्तुरी’चे कष्ट आज त्याच टेबलाची उणीव भरून काढण्यात चालले आहेत.

बीटी कापसाविषयी थोडक्यात, कारण त्यावर भांडणंच जास्त होतात. २००२मध्ये परवानगी मिळालेलं बीटी हे उत्पादन वाढवण्याचं औषध नव्हे. ते बोंडअळीपासून पीक वाचवतं, एवढंच त्याचं काम. गुलाबी बोंडअळी आता दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देत नाही. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात उभं ठेवलं, की तिला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं, हे त्यामागचं एक कारण. आपली हेक्टरी सरासरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते, ब्राझीलची याच्या चौपटीच्या घरात. आपल्याकडचा, विशेषतः विदर्भातला, बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, हे सोडून केलेली तुलना निरर्थक.

सुती म्हणजे निसर्गाला निर्धोक, असं म्हणणाऱ्याला वालधुनीच्या काठावर न्यावं. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रंगीत पाणी या नदीत वर्षानुवर्षं गेलं, प्रकरण हरित लवाद आणि न्यायालयांपर्यंत पोचलं, धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. त्यात कापसाचा दोष नाही, पण कापसाच्या नावाने तो पुसताही येत नाही.

राहिला भाव. ‘सरकार हमीभावाने सगळा कापूस घेतंच’ असं शहरात मानतात. पूर्वी महाराष्ट्रात तसं खरोखर होतं. १९७२पासून एकाधिकार खरेदी योजनेत राज्यात दुसऱ्या कुणाला कापूस विकताच येत नसे. आता बाजारभाव हमीभावाखाली गेला की कापूस महामंडळ खरेदीला उतरतं, आणि तेही ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तरच. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. २०२५-२६चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये.

हा आकडा जीन्सच्या भाषेत आणून बघू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. एका जीन्सला घटतुटीसह सातशे-आठशे ग्रॅम रुई धरली, तर क्विंटलात बेचाळीस ते अठ्ठेचाळीस पँटी. म्हणजे सरकीचे पैसे वजा न करताही एका जीन्समागे कापसाचे दोनशे रुपयेही होत नाहीत, वजा केले तर त्याहून बरेच कमी. जीन्स दोन हजारांची झाली काय आणि चार हजारांची काय, यात फरक पडत नाही. हमीभाव ठरतो तंतूची लांबी आणि जाडी बघून. सुती पिशवीत, केस-सुतळीविना वेचलेल्या कापसाला त्यात वेगळा दर नाही. ‘कस्तुरी’ची नोंदणीही जिनिंगवाल्याची होते. निर्यातदार स्वच्छ गाठीला जास्त पैसे मोजायला तयार असतील, तर त्यातले क्विंटलमागे किती रुपये वेचणीच्या मजुरीपर्यंत जाणार, एवढंच आता ठरवायचं उरलं आहे.