कुलूप परार्धापलीकडचं, किल्ली वाढदिवसाची

ई-पॅनची पीडीएफ उघडायला जन्मतारीख टाकावी लागते. दिवसाचे दोन आकडे, महिन्याचे दोन, वर्षाचे चार. आठ आकड्यांच्या जुळण्या १० कोटी होतात, म्हणून पासवर्ड भारदस्त दिसतो. पण ३७ तारीख कोणाची नसते, चौदावा महिना नसतो आणि आज हयात असलेली जवळजवळ सगळी माणसं गेल्या शंभर वर्षांत जन्मलेली आहेत. शंभर वर्षांचे दिवस किती? ३६,५२५. संगणकाने सेकंदाला दहा हजार तारखा लावून पाहिल्या, तर चार सेकंदांत सगळ्या संपतात.

ई-आधारची तऱ्हा थोडी वेगळी: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, सगळी कॅपिटल, आणि पुढे जन्मवर्ष. चार अक्षरांच्या जुळण्या ४,५६,९७६. गुणिले शंभर वर्षं, म्हणजे साडेचार कोटींहून अधिक. बरं वाटतं. पण ज्याच्या हाती फाइल पडली, त्याला ती कोणाची हे बहुधा ठाऊक असतंच. नाव कळलं की उरली फक्त शंभर वर्षं. माणसाला एकदा पाहिलेलं असेल तर वीसेक.

आता कुलपाकडे बघू. १९७७ साली अमेरिकेने मजकूर कुलूपबंद करायची डीईएस ही पद्धत प्रमाण ठरवली. तिची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे एकूण किल्ल्या ७२,०५,७५,९४,०३,७९,२७,९३६. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं दिली आहेत, ती परार्धाशी थांबतात: एकावर सतरा शून्यं. डीईएसच्या सगळ्या किल्ल्या पाऊण परार्धाच्या आतच बसतात. आणि तेवढ्या पुरल्या नाहीत. जुलै १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरच्या आत एक यंत्र बांधलं, ‘डीप क्रॅक’. ते सेकंदाला सुमारे ९,००० कोटी किल्ल्या लावून पाहायचं. ५६ तासांत किल्ली सापडली, तीही साधारण चौथाईच तपासून झाल्या असताना.

मग २००१ मध्ये एईएस आली. ती दोन बेल्जियन संशोधकांची, जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची. आज पीडीएफला तिचंच कुलूप लावता येतं. १२८ बिटांच्या किल्ल्या मोजायला ३९ अंकी आकडा लागतो. परार्धाला परार्धाने गुणलं तरी तो हजारो पटींनी पुढेच राहतो. समजा, एक यंत्र सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासतं आणि अशी शंभर कोटी यंत्रं अखंड चालू आहेत. सगळ्या किल्ल्या तपासून व्हायला सुमारे १,०७८ कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी. आणि हे १२८ बिटांचं झालं. २५६ बिटांसाठी त्या वर्षांना पुन्हा त्याच ३९ अंकी आकड्याने गुणायचं. इथे माझी कल्पनाशक्ती हात टेकते.

पण चोर या वाटेने येतच नाही. तो पासवर्ड लावून पाहतो, कारण फाइलची किल्ली पासवर्डावरूनच हाती येते. कुलपाला किल्ल्या कितीही असोत, तपासायच्या फक्त ३६,५२५. त्यात पासवर्ड कसा बनवला आहे, ते फाइलसोबतच्या ईमेलमध्येच उदाहरणासकट लिहिलेलं असतं. म्हणजे दाराला तिजोरीचं कुलूप आणि किल्ली मीटरबॉक्सवर, वर तशी चिठ्ठीही दारालाच!

किल्लीचे बिट वाढवून काय होतं, याचा एक मासला अ‍ॅडोबीने २००८ मध्ये दाखवला. अ‍ॅक्रोबॅट ९ मध्ये १२८ बिटांऐवजी २५६ बिटांची एईएस आली. पण आधीच्या आवृत्तीत एकेक पासवर्ड तपासायला मुद्दाम पुन्हापुन्हा आकडेमोड करावी लागायची; नव्या आवृत्तीत ती एकाच फेरीत आटोपू लागली. मॉस्कोच्या एल्कमसॉफ्ट कंपनीने ताडलं की आता पासवर्ड सुमारे शंभर पट वेगाने तपासता येतात. किल्ल्यांची संख्या अफाट वाढली आणि कमजोर पासवर्डची फाइल आधीपेक्षा लवकर उघडू लागली. पुढच्या आवृत्तीत अ‍ॅडोबीला ते दुरुस्त करावं लागलं.

हिशेब पासवर्डाच्या लांबीचा करावा. लहानमोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं. कसलाही अर्थ नसलेला आठ चिन्हांचा पासवर्ड घ्या: २१८ लाख कोटी जुळण्या. सेकंदाला लाख कोटी तपासणाऱ्या त्या यंत्रापुढे चार मिनिटंही टिकणार नाहीत. आणखी चारच चिन्हं जोडा, तर त्याच यंत्राला शंभर वर्षं पुरणार नाहीत. अशी बारा चिन्हं लक्षात कोण ठेवणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर १९९५ पासून एक तोडगा आहे, डाइसवेअर. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, पाच वेळा फासा टाकायचा, येईल त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. शब्द आपण निवडायचा नाही, ही एकच अट. आपण निवडला की तो मुलीचं नाव होतो. असे सहा शब्द म्हणजे फाशाच्या तीस फेका. त्याच यंत्राला सगळ्या जुळण्या तपासायला सात हजार वर्षं लागतील. नशिबाने सरासरी साथ दिली, तर साडेतीन हजार.