टेंडर भरताय? आधी ‘बिलो’चं गणित आणि बिलाची वाट समजून घ्या

आजचा भाग साताऱ्या-सांगलीकडच्या त्या सगळ्यांसाठी, ज्यांनी सिव्हिलचा डिप्लोमा नाहीतर डिग्री केलीये आणि ज्यांच्या डोक्यात एकच विचार आहे: नोकरी नको, पालिकेची कामं घेऊ. पाईपलाईन, गटार, ड्रेनेज, पाण्याची टाकी, अशी कामं. ऐकून झाल्यावर नीट वाचता यावं म्हणून हा मजकूर इथे देतोय.

सुरुवात जरा जड विषयाने. जुलै २०२५ मध्ये वाळवा तालुक्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनचं काम केलं, बिल थकलं, डोक्यावर कर्ज झालं, असं त्यांच्या जवळच्यांनी आणि कंत्राटदार संघटनांनी सांगितलं. सरकारकडून उत्तर आलं की त्यांच्या नावावर कामच नव्हतं, ते उपकंत्राटदार होते. कोण बरोबर, हा निवाडा आपण इथे करत नाही. पण या धंद्यात उतरणाऱ्याला दोन्ही वाक्यांतून शिकण्यासारखं आहे. काम मिळवणं हा अर्धाच भाग. पैसे कधी आणि कोणाच्या नावावर येणार, हा उरलेला अर्धा.

काम निघतं कुठे?

साताऱ्यात नगरपरिषद आहे, तिथे प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी. सांगलीत १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका, तिथे आयुक्त. दोन्हीकडची मोठी टेंडरं ‘महाटेंडर्स’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन निघतात. त्यासाठी क्लास ३ ची डिजिटल सही, पॅन, जीएसटी नोंदणी आणि टेंडरमध्ये मागितलेली कंत्राटदार नोंदणी लागते. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी नोंदणी होते आणि ठरावीक रकमेपर्यंतची काही कामं त्या गटासाठी राखीव असतात. नवख्याने तिथूनच सुरुवात केलेली बरी.

टेंडर दोन लिफाफ्यांत भरायचं. पहिला तांत्रिक: कागदपत्रं, अनुभव, यंत्रसामग्री, बयाणा रक्कम. दुसरा आर्थिक, म्हणजे तुमचा दर. पहिल्यात एक कागद कमी पडला तर दुसरा लिफाफा उघडतच नाही. शेवटच्या दिवशी रात्री अपलोड करायला बसू नका, सर्व्हर अडकला तर रडायची सोय नाही.

‘बिलो’ म्हणजे काय?

बऱ्याच कामांत पालिका दरसूचीवरून अंदाजपत्रक काढते आणि तुम्ही फक्त टक्का सांगायचा: इतके टक्के जास्त किंवा इतके टक्के कमी. याला बी-१ टेंडर म्हणतात. प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरायचा असेल तर ते बी-२.

समजा, काम २० लाखांचं आहे आणि तुम्ही १५ टक्के बिलो गेलात. हातात काम आलं १७ लाखांचं. अंदाजपत्रकातल्या दरात कंत्राटदाराचा नफा आधीच धरलेला असतो. म्हणजे तुम्ही सोडलेले ३ लाख आधी त्या नफ्यातून जातात, आणि तो संपला की खिशातून.

आता १७ लाखांच्या बिलातून कपात बघा. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, ३४ हजार. वैयक्तिक फर्म असेल तर आयकराचा १ टक्का, १७ हजार. कामगार उपकर १ टक्का, १७ हजार. सुरक्षा ठेव समजा ५ टक्के, ८५ हजार. एकूण १ लाख ५३ हजार आज हातात येत नाहीत. दोन्ही टीडीएस नंतर हिशेबात मिळतात, ठेव दोषदायित्व कालावधी संपल्यावर मिळते, उपकर मात्र गेला तो गेला. शिवाय फार बिलो गेलात तर जादा सुरक्षा रक्कम भरावी लागते. तिचा नियम टेंडरमध्ये लिहिलेला असतो, तो वाचा.

जागा बघितल्याशिवाय टक्का टाकू नका

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराकडे चर खोदताना मुरमाखाली कातळ लागतो. जेसीबी थांबतो, ब्रेकर आणावा लागतो. सांगलीत कृष्णेकाठी उलटं. काळी माती, पावसाळ्यात चराच्या कडा ढासळतात, खाली पाणी लागतं, पंप सतत चालू ठेवावा लागतो. कागदावर दोन्हीकडे ‘खोदाई’ एवढंच दिसतं. कुठल्या थराला कुठला दर आहे, पाणी उपसण्याचे वेगळे पैसे आहेत का, रस्ता पूर्ववत कोणी करायचा, हे प्री-बिड बैठकीत लेखी विचारा.

बिल कुठून फिरतं?

काम झालं की कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, मापं लिहितो. मग वरचे अभियंते तपासतात, लेखा विभागात जातं, शेवटी मुख्याधिकारी किंवा आयुक्तांची मंजुरी. एवढं होऊनही त्या लेखाशीर्षात पैसेच नसतील तर बिल पडून राहतं. म्हणून टेंडर भरण्याआधीच विचारा: पैसे पालिकेच्या स्वनिधीतून येणार, वित्त आयोगातून की राज्याच्या योजनेतून? निधी आलाय की यायचाय?

उशिराची किंमतही मांडा. १० लाख महिना २ टक्क्यांनी उचलले तर महिन्याला २० हजार व्याज. बिल वर्षभर थांबलं तर २ लाख ४० हजार. छोट्या कामाचा सगळा नफा एवढाच असतो! आणि ‘उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे मिळतील’ या भरवशावर राहू नका. बांधकाम कंत्राटांना तो कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयातून आलेले आहेत.

पाच नियम लिहून ठेवा

एक, कार्यारंभ आदेश हातात येईपर्यंत खोदाई नाही. ‘तुम्ही सुरू करा, कागद मागून देतो’ याला नम्रपणे नाही म्हणा.
दोन, जादा काम तोंडी सांगितलं तर लेखी मागा.
तीन, चर बुजवण्याआधी पाईपचे फोटो काढा आणि माप एमबीत चढवून घ्या. मातीखाली गेलेलं काम कोणाला दिसत नाही.
चार, दुसऱ्याच्या नावावर काम करत असाल तर नोंदणीकृत करार करा, पैसे बँकेतूनच घ्या. तोंडी शब्दावर पालिका तुम्हाला ओळखत नाही.
पाच, एक बिल अडकलं तर दुसऱ्या कामासाठी घर गहाण टाकू नका.

सगळ्यात कमी दर टाकणाऱ्याला काम मिळतं, पण टिकतो तो सहा महिने बिल आलं नाही तरी मजुरांचा पगार देऊ शकणारा. तेवढी ताकद नसेल तर काम लहान घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि पैशाचा ताण जिवावर आल्यासारखा वाटला तर घरच्यांशी बोला, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

तुमच्या मित्राने परवाच डिजिटल सही काढली असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा. पुढच्या भागात भेटू!