पेनड्राइव्हशिवाय उबुंटू

आमच्या कॉलेजची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळतो. नवं वर्ष सुरू होण्याआधी सगळ्या संगणकांवर उबुंटू नव्यानं घालायचं असतं. त्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलांवर फिरणं मला पटत नाही. संगणकानं नेटवर्कवरूनच सगळं मागून घ्यावं. इंटेलनं १९९९ मध्ये मांडलेली पीएक्सई २.१ ही पद्धत त्यासाठीच आहे.

नुकत्याच चालू झालेल्या संगणकाला स्वतःचा पत्ताही नसतो, म्हणून तो साऱ्या नेटवर्कला हाक देतो. डीएचसीपी सर्व्हर ती ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि मुदतीचा आयपी पत्ता देऊ करतो. संगणक तो मागतो, सर्व्हर मंजूर करतो. याच उत्तरात ६६ क्रमांकाच्या पर्यायात फाइल देणाऱ्या सर्व्हरचं नाव असतं आणि ६७ क्रमांकाच्या पर्यायात फाइलचं. (पोर्ट ६७ शी याचा संबंध नाही, नवे विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.) मग टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीनं ती छोटी फाइल येते आणि ती कर्नल व इन्स्टॉलर ओढून आणते.

खरी मेख पुढे आहे. जुन्या बायोसला एक फाइल लागते, यूईएफआयला दुसरी. संगणक आपला प्रकार ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतो. सर्व्हरनं तो पाहूनच फाइल निवडावी. प्रयोगशाळेत कुणी घरचा राउटर जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो आणि संगणक भलत्याच उत्तरावर अडकतो.

नेटवर्कवरून सुरू होताना संगणकावर दिसणाऱ्या मेन्यूतला आपोआप निवडला जाणारा पर्याय मात्र मी नेहमी ‘स्वतःच्या डिस्कवरून सुरू करा’ हाच ठेवतो. नाहीतर नुसता रीस्टार्ट झालेला संगणकही एखाद्या विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट पुसून टाकेल.