मुदत संपलेला विमा आणि आपसांतील तडजोड

दिवाळीनंतर मानवतच्या बाजारात कापसाची आवक वाढू लागली की कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गाचा पाथरी-मानवत-परभणी हा टप्पा रात्रंदिवस जागा राहतो. कापसाने ओसंडलेल्या ट्रॉल्या, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर, जिनिंगकडे निघालेले ट्रक आणि त्यांतून वाट काढणाऱ्या आपल्या पेढ्यांच्या मोटारी, अशा गर्दीत लहानमोठी धडक होणे नवलाचे नाही. बंपर तुटतो, बॉनेट चेपते, दोन्ही बाजूंची माणसे उतरून एकमेकांची चौकशी करतात. बहुधा ओळख निघतेच. मग ठरलेले वाक्य येते : "जाऊ द्या, आपसांत मिटवून टाकू."

हे वाक्य आपल्या व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. सौद्यातला वाद असो वा वजनातला, दोन पंच बसवून तो निकाली काढणे आणि कोर्टाची पायरी न चढणे यात आपल्या वाडवडिलांनी प्रतिष्ठा मानली. ती वृत्ती चांगलीच आहे. परंतु धडक देणाऱ्या गाडीच्या विम्याची मुदत संपलेली असेल, तेव्हा तडजोडीचा अर्थ पार बदलतो. विमा असताना आपण सोयीसाठी तडजोड करतो. विमा नसताना ती भीतीपोटी होते, आणि भीतीपोटी केलेला व्यवहार क्वचितच नीट लिहिला जातो.

विम्याची मुदत संपते ती बहुधा निष्काळजीपणापेक्षा गैरसमजाने. कोईमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या रस्तासुरक्षेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दिलेल्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. घरात समज पसरतो की "गाडीचा विमा तीन वर्षांचा आहे." स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो, तो दुसऱ्या वर्षी गुपचूप संपतो आणि चौथ्या वर्षी थर्ड पार्टीचाही संपतो. तोपर्यंत विकणारा एजंट शहर सोडून गेलेला असतो. याखेरीज हप्त्याचा धनादेश न वटणे आणि जुनी गाडी घेताना पॉलिसी नावावर करून न घेणे ही आपल्याकडची दोन नेहमीची कारणे.

जुन्या गाडीविषयी थोडे थांबून सांगायला हवे. गाडी विकली, पैसे मिळाले, फॉर्म २९ व ३० वर सह्या करून दिल्या, पण परभणीच्या परिवहन कार्यालयात नाव बदललेच नाही, असे किती तरी व्यवहार आपल्या परिचयात असतील. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकलेली मोटार कुणी दुसराच विम्याविना चालवीत असेल, तरी नोटीस आपल्या दारी येऊ शकते.

आता केवळ पत्र्याचे नुकसान झाले आहे आणि कुणालाही खरचटलेले नाही, असे धरून चालू. समजा, आपल्या गाडीची चूक होती आणि समोरच्याच्या साडेचार वर्षे वापरलेल्या मोटारीचे अंदाजपत्रक ४८,००० रुपये निघाले : प्लॅस्टिकचा बंपर ९,०००, हेडलाइट १२,०००, बॉनेट १४,०००, रंगकाम ७,००० आणि मजुरी ६,०००. सर्वसाधारण प्रतिक्रिया अशी असते की "तुमचा तर फुल विमा आहे, कंपनीकडून घ्या, वरचे काय ते मी देतो." ऐकायला हे न्याय्य वाटते. हिशेब मांडला की ते "वरचे" किती, हे कळते.

विमा कंपनी नव्या भागांवर घसारा कापते. प्लॅस्टिक व रबरावर ५० टक्के, काचेवर काही नाही, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. रंगकामात रंगाच्या साहित्याचा वाटा चौथा हिस्सा धरून त्यावर ५० टक्के कपात होते. या हिशेबाने बंपरचे ४,५००, हेडलाइटचे ६,०००, बॉनेटचे ९,१००, रंगकामाचे ६,१२५ आणि मजुरीचे पूर्ण ६,००० मिळून ३१,७२५ होतात. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीची १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली की कंपनी देणार ३०,७२५. उरलेले १७,२७५ समोरच्याच्या खिशातून जातात. त्याच्याकडे घसारा न कापणारी, म्हणजे "झिरो डेप" पॉलिसी असेल तर हा फरक बराच आटतो.

इतक्यावर भागत नाही. त्याने पाच-सहा वर्षे क्लेम न केल्याने त्याला हप्त्यात ५० टक्के सूट मिळत असेल, तर एका क्लेमने ती शून्यावर येते आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० वर जायला पाच वर्षे लागतात. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता १२,००० धरला आणि तो तेवढाच राहिला, तर या पाच वर्षांत त्याला ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, असे एकूण १५,००० रुपये जास्त मोजावे लागतील. तेव्हा "विम्यातून घ्या" म्हणणाऱ्याने प्रामाणिकपणे ३२,००० च्या वर रक्कम द्यायला हवी. मग सरळ ४८,००० देऊन विषय मिटवणे आणि हे, यांत अंतर उरते ते किती? आमच्या मते चूक आपली असेल आणि विमा आपला नसेल, तर गॅरेजचे बिल पूर्ण द्यावे. घसाऱ्याचा मुद्दा काढून शेजाऱ्याशी घासाघीस करू नये. गाडी गॅरेजमध्ये असताना त्याला भाड्याचे वाहन घ्यावे लागले असेल, तर तेही विचारावे.

समोरच्याने क्लेम करूनच उरलेली रक्कम घ्यायची ठरवली, तर दोघांसाठीही एक खड्डा आहे. कंपनीने त्याला भरपाई दिली की ती त्याच्या जागी उभी राहून चूक करणाऱ्याकडे वसुली मागू शकते. आपण १७,००० देऊन निश्चिंत होतो आणि काही महिन्यांनी ३०,००० ची नोटीस येते. उलट बाजूने, त्याने आधीच आपल्याला "आता काही येणे नाही" असे लिहून दिले असेल, तर कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि ती त्याचा क्लेम नाकारू शकते. ज्याचा विमा चालू आहे त्याने कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या कंपनीला कळवावे. प्रमाणित पॉलिसीच्या अटींतच लिहिलेले असते की कंपनीच्या लेखी संमतीविना विमेदाराने अपघाताबाबत कबुली, देकार वा रक्कम देऊ नये. ती पाने कुणी वाचत नाही, हे वेगळे.

कागद कसा असावा? दोन्ही गाड्यांचे क्रमांक, चालकांची नावे, तारीख, वेळ, ठिकाण, गॅरेजचे अंदाजपत्रक आणि अंतिम बिल, रक्कम कोणत्या बँक व्यवहाराने दिली, कुणालाही दुखापत झाली नाही याचा स्पष्ट उल्लेख, "या घटनेतील वाहनाच्या नुकसानीपोटी पूर्ण व अंतिम" हे शब्द, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. अंदाजपत्रकावर कधी विसंबू नये. बॉनेट उघडल्यावर रेडिएटर फुटलेला निघतो, चाके काढल्यावर सस्पेन्शन वाकलेले दिसते. म्हणून तडजोड गाडी खोलल्यानंतरच्या बिलावर करावी, किंवा मागाहून निघणाऱ्या खर्चाची मर्यादा त्याच कागदात लिहावी. रोख देऊ नये. विश्वासाची उणीव म्हणून नव्हे, तर उद्या मुलाने वा भागीदाराने विचारले तर दाखवायला काही असावे म्हणून.

त्या कागदात एक वाक्य मात्र कधीही घालू नये : "पैसे मिळाल्यामुळे पोलिसांत तक्रार करणार नाही." पैसे घेऊन फौजदारी कारवाई दडपण्याचा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली निरर्थक ठरतो, आणि त्या एका वाक्याने सबंध कागद संशयास्पद होतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३४ सांगते की दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी, जागेवर पोलीस अधिकारी नसल्यास, चालकाने जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत कळवावे. विमा नाही म्हणून ठाण्याकडे न जाण्याचा मोह होतो. विम्याविना गाडी चालवण्याचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही. खबर न देणे हा त्यावर चढणारा वेगळा दोष.

येथवर सारे पैशांत मोजता येते. माणूस जखमी झाला की आपसांत मिटवण्याची भाषा बंद करावी, इतके स्पष्ट मत आम्ही मांडतो. आधी दवाखाना. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार मिळण्याची केंद्र सरकारची योजना लागू आहे. धडक देणाऱ्या वाहनाचा विमा नसला तरी जखमीचा तो हक्क जात नाही. मग पोलीस. जखमीच्या घरी जाऊन वीस-पंचवीस हजार हातावर ठेवणे आणि अंगठा घेणे हे कायद्याने टिकत नाही आणि आपल्याला शोभतही नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दोघांच्या संमतीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही.

भरपाईचा आकडा किती होतो, हे घरातील कर्त्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. न्यायाधिकरणे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने मोजतात. महिना १५,००० कमावणारा ३८ वर्षांचा मजूर, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे १,८०,०००, भावी वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,८९,०००, त्या वयाचा गुणक १५. झाले २८,३५,०००. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादी रकमा आणि व्याज याहून वेगळे. विमा चालू असेल तर हे कंपनी देते. तो नसेल तर मालक देतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये आहे.

आणि "मालक" म्हणजे कोण? आपल्याकडे पुष्कळ मोटारी पेढीच्या नावावर असतात. आयकरात घसारा मिळतो, हे कारण. भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही बांधील असतो. पेढीच्या कामावर निघालेल्या ड्रायव्हरकडून अपघात झाला आणि निवाड्याची रक्कम पेढीच्या शिलकेतून भागली नाही, तर वसुली त्या भावाच्याही घरापर्यंत जाऊ शकते, ज्याने ती गाडी कधी चालवली नाही आणि जिच्या विम्याची तारीख त्याला ठाऊकही नव्हती. एकत्र व्यापार करणाऱ्या घरांत दुकानाचा, मालाचा, गोदामाचा विमा दिवाणजी डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. गाडीचा विमा मात्र "धाकट्याकडे असेल" म्हणून राहून जातो.

विमा नसलेली गाडी पोलिसांनी जप्त केली, तर ती सोडवून आणणेही सोपे राहिलेले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना नियम करण्यास सांगितले की मृत्यू, दुखापत वा मालमत्तेची हानी करणारी विमाविरहित गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये, आणि तीन महिन्यांत हमी न आल्यास तिचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी.

ज्यांना तडजोडच हवी, पण ती पक्की हवी, त्यांच्यासाठी लोकअदालत आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही नेता येते. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. पंचांपुढे बसून मिटवण्याची आपली जुनी रीत येथे कायद्याच्या शिक्क्यासह मिळते. दुखापतीच्या प्रकरणात तडजोड करायची झाल्यास ती याच वाटेने करावी.

राहता राहिली संपलेली पॉलिसी. खंड पडल्यावर कंपनी बहुधा गाडीची तपासणी करून, छायाचित्रे घेऊनच नवी पॉलिसी देते. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेली सूट जाते. हप्ता कंपनीच्या हाती पडल्याविना जोखीम सुरू होत नाही, हे विमा अधिनियम, १९३८ चे कलम ६४ व्हीबी सांगते. अपघातानंतर त्याच दिवशी घाईने मोबाइलवरून पॉलिसी काढणारे काही जण असतात; त्या पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ दोन्ही छापलेली असतात, आणि त्या वेळेच्या आधी घडलेला अपघात तिच्यात बसत नाही.